लाटांची फरशी

(खानापूरजवळच्या गावात, १९३४ साली, रवळनाथाच्या देवळात नवी फरशी बसतेय. दृष्टी गेलेले कीर्तनकार मारुतीरावबुवा पत्नी राजाबाईचा हात धरून आले आहेत. भरमा पाथरवट छिन्नी खाली ठेवतो.)

राजाबाई : असली वळ्यावळ्यांची फरशी देवळात बसवत्यात व्हय रं भरमा? तीबी कीर्तनाच्या कट्ट्यावर? घडवायची विसरलास जणू.

भरमा : पंचबी हेच म्हणून गेले आक्का. मुद्दाम ठेवलीया. बुवांस्नी वर चढवा जरा.

मारुतीराव : मला कशाला? मी कीर्तन सोडलंय.

राजाबाई : सोडलंय कुठलं, पडलायसा. गेल्या रामनवमीला बोलत बोलत सरकलासा ते कट्ट्यावरनं थेट मृदंगावर.

मारुतीराव : ताल चुकला नव्हता.

राजाबाई : चेष्टा पुरे. वरीस झालं, चिपळ्या खुंटीला हाईत. घरात सुतकागत वाटतंय मला.

भरमा : पाऊल टेका बुवा. हळू. हां.

मारुतीराव : हे काय रे? नदीचं पाणी उतरल्यावर वाळूत चालावं तसं लागतंय. कुणी कोरलं एवढं नाजूक?

भरमा : पाण्यानंच. खाणीवर दगूड तपासाय एक सर्वेवाला साहेब आलता, त्यानं दावलं. ह्या मुलखात उथळ दर्या हुता म्हणं. तळाच्या वाळूवर लाटंनं वळ्या पाडल्या, वर गाळ बसला, आन् दबून दबून सगळ्याचा दगूड झाला.

राजाबाई : आपल्या हितं दर्या? आन् कणकुंबीचं रान?

भरमा : न्हवतं.

राजाबाई : मलप्रभा नदी तरी?

भरमा : तिचा डोंगरच न्हवता आक्का, ती येणार कुठनं?

मारुतीराव : किती वर्षं झाली याला?

भरमा : इचारलं मी. म्हटला, तू मोजाय बसलास तर तुझ्या नातवंडांच्यानंबी सरायचं न्हाय.

मारुतीराव : आणि ही माझ्या पायाखाली का घातलीस?

भरमा : दोन्ही बाजूच्या फरश्या गुळगुळीत केल्यात. पायाला लाटा लागत्यात तवर तुम्ही मधी. सपाट लागलं की कड आली, माघारी फिरायचं. चार येरझाऱ्या घालून बघा.

राजाबाई : अगं बाई. फिरले की वो. बरोब्बर कडंला फिरले.

मारुतीराव : जागा कळेल रे भरमा. पण समोर सगळा अंधार. एक तोंड दिसत नाही. बोलायचं कुणाला?

भरमा : ते मला पाथरवटाला काय कळतंय बुवा.

मारुतीराव : त्या पाण्याच्या काठाला तेव्हा कोण होतं?

भरमा : कोण न्हवतं. माणूस ऱ्हाऊ दे, पाखरूबी न्हवतं म्हटला साहेब.

मारुतीराव : म्हणजे बघणारं, ऐकणारं कुणी नाही, तरी ते आपलं पुढं जायचं, मागं यायचं.

भरमा : व्हय. अशीच येरझार.

मारुतीराव : आणि पोचलं की रे. माझ्या पायापर्यंत पोचलं. रवळनाथा, काय तुझी कथा.

राजाबाई : डोळं पुसा. भरमा बघतोय.

भरमा : मी कुठं बघतोय? बुवा, पंच म्हणत्यात घासून सपाट कर. काय सांगू त्यास्नी?

मारुतीराव : सांग, हिचं घडवून झालंय. एकादशीला मी उभा राहतो.

राजाबाई : चिपळ्या पुसून ठेवते मग.

मारुतीराव : ठेव. आणि तू अगदी समोर बस. मधूनमधून बांगड्या वाजव गं. नाहीतर मला वाटेल, ऐकणारं अजून जन्मालाच आलं नाही.