बदलीवरचा माणूस

हॅलो?… हॅलो, दादा? मी बोलतेय… हो, मीच. ठेवू नकोस, ऐक आधी.

म्युझियममध्ये आहे… अरे, आप्पांच्याच म्युझियममध्ये. त्यांना घेऊन आले होते… नाही, पडले-बिडले नाहीत. उभे आहेत. तोच तर घोळ आहे.

डॉक्टर म्हणाले होते ना, जुन्या जागा दाखवा, थोडंफार आठवेल… हो, नव्हतं सांगितलं तुला. सांगायला तू फोन उचलतोस कुठे?

ऐक ना. आधी सगळं छान चाललं होतं. मातीची भांडी बघितली, खालची ती मोठी नाव बघितली. मला म्हणाले, ही आत आणली तेव्हा दार चौकटीसकट काढावं लागलं होतं. म्हटलं चला, आज गाडी रुळावर आहे. मग वर गेलो, त्यांच्या दालनात… तेच रे, मोठ्या तसबिरींचं. तिथला पहारेकरी पाणी प्यायला गेला होता, खुर्ची रिकामी. झालं. आप्पा जाऊन दोरीपाशी ताठ उभे राहिले, ते अजून तिथेच.

नाहीत ना हलत… सगळं करून झालं. हात धरला तर झटकला. मला म्हणाले, बाई, दोरीच्या मागे राहा… बाई म्हणाले, दादा. मला. रोज त्यांचं अंघोळीचं पाणी मी काढते.

नाही, रडत नाहीये. तू बोल… नको, तू बोलू नकोस, ऐक.

इथली माणसं भली आहेत रे, पण बंद करायची वेळ झालीये. साहेब सारखे डोकावून जातायत. आता उचलून न्यावं लागेल म्हणतात… हो, उचलून. जन्मभर उभे राहिले तिथे, आणि पोत्यासारखे जिन्यावरून उतरवणार त्यांना? मला नाही बघवणार.

बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, तुला माहीतच आहे. तो पहारेकरी बिचारा समोर जाऊन म्हणालासुद्धा, मी आलोय, तुम्ही जा. तर म्हणतात, तू नव्हेस.

मग कोण म्हणजे?… तेच सांगतेय. म्हणतात, आज माझा मुलगा येणार आहे बदलीवर. पहिलाच दिवस आहे त्याचा.

…हॅलो?

हो. तोच दिवस.

अरे, टोमणा नाही मारत मी. मारायचा असता तर आजवर काय कमी संधी मिळाल्या? तुला ही इथली नोकरी नको होती, त्या दिवशी तू आला नाहीस. त्यांनी बोलणं टाकलं, तूही टाकलंस. दोघांचा हट्ट एकाच मापाचा, आणि मधल्या मधे माझं भरीत… असू दे. आत्ता ते नको.

नाही ना, चिडलेले नाहीत. मलाही वाटलं, आता चिडतील. पण त्या पहारेकऱ्याला काय सांगत होते, माहितीये? “पोरगा नवीन आहे. उशीर झाला तर साहेबांना बोलू नकोस. मी उभा आहे तोवर.”



…ओळखतील की नाही, कसं सांगू? मला नाही ओळखलं. पण वाट तुझीच बघतायत.

थांब, काहीतरी म्हणतायत… काय आप्पा?… हो, त्याच्याशीच बोलतेय… बरं. सांगते.

दादा, विचारतायत, जेवलायस का. नसलास तर जेवून निघ, घाई करू नकोस म्हणतात.

…हं… हं… अरे, दाराच्या मागे बघ, खिळ्याला असेल गाडीची किल्ली… मिळाली?… बरं, ऐक. आल्यावर माफी-बिफी मागत बसू नकोस. त्यांच्या लेखी तू अजून चुकलेलाच नाहीस. नुसतं समोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मी आलोय, तुम्ही जा. लहानपणी दारात पहारा-पहारा खेळायचो ना आपण, तसंच.

हो… आणि दादा, घाई करू नकोस ते म्हणतायत. मी म्हणतेय, लवकर ये. खालचे दिवे बंद करायला लागलेत. ठेवते.