चालत्या प्रोसेसरचा खून

...अहो, पण चालती वस्तू बदलायची नाही म्हणजे नाही! का, असं विचारायचंसुद्धा नाही! आमच्या घरात हा नियम माझ्याही आधी जन्मलाय, तुम्हाला सांगते. बाबांचं दुरुस्तीचं दुकान. पंखे, मिक्सर, इस्त्र्या... तीस वर्षं हा माणूस बंद पडलेल्या वस्तूंना उठवून बसवतोय, त्याला तुम्ही चालती वस्तू काढून टाका म्हणून सांगा बरं! चष्म्यावरून बघत एकच वाक्य येतं, "चालतोय ना? मग झालं तर!"

आता माझा कॉम्प्युटर. चालतो, नाही कशाला म्हणू? टाइप करा, चालतो. सिनेमा लावा, चालतो. पण मी ऑफिसातून आले की गेम खेळते आणि खेळता खेळता तो लोकांना थेट दाखवते, बडबड करत. स्ट्रीमिंग हो! एकेचाळीस माणसं येतात बघायला. हसू नका, एकेचाळीस माणसं आमच्या घरात मावणार नाहीत! आणि हा म्हातारा प्रोसेसर... त्याला एक तर गेम झेपतो, नाहीतर स्ट्रीम. दोन्ही दिलं की मी गोळी झाडते आणि ती लोकांना दिसेपर्यंत मी मेलेली असते! एक जण तर रोज विचारतो, "ताई, आज नुसते फोटोच दाखवणार का?"

पैसे माझे, पगार माझा. सरळ जाऊन म्हटलं, बाबा, प्रोसेसर बदलते. फक्त नवा बसवायचा तर तो ज्यावर बसतो तो मदरबोर्डही बदलावा लागेल, आणि रॅमही...

"म्हणजे एका दातासाठी अख्खा जबडा?" बाबा म्हणाले. "चालतोय ना? मग झालं तर!"

आणि आत्या! बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच असते, घरातलं शेवटचं कोर्ट. ती आतून ओरडते कशी, "माझे गुडघे कुरकुरतात, मी बदलले का गं?"

अशी चिडले, अशी चिडले... म्हटलं, थांबा. चालतोय म्हणून बदलायचा नाही ना? मग बंद पडला तर?

आता हे कुठे बोलू नका. कॉम्प्युटरच्या डब्याला मागे जाळी असते, आतली गरम हवा तिथून बाहेर पडते. त्या जाळीवर मी टॉवेल कोंबला. घट्ट! पुढच्या बाजूनेही एक पंचा. वर गेम चालू, स्ट्रीम चालू. वीस मिनिटांत पडदा काळा! पटकन टॉवेल कपाटात टाकला आणि काय रडवा आवाज काढलाय सांगू, "बाबा, गेला होऽऽ!"

बाबा धावत आले. हा कॉम्प्युटर त्यांनीच जुळवलाय, मी कॉलेजला लागले तेव्हा, तीन महिने एकेक भाग शोधून आणत. उघडला. ब्रशने धूळ झटकली, पंखा काढून प्रोसेसरवर तो थंड ठेवणारी नवी पेस्ट लावली, बटण दाबलं आणि डब्याला कान लावून बसले. "चालतोय!" असा चेहरा फुलला त्यांचा, की मला वाटलं कपाटात टॉवेलशेजारी आपणच जाऊन बसावं.

पण बसले का? छे! दुसऱ्या दिवशी परत टॉवेल. तिसऱ्या दिवशी परत!

आणि घरातली माणसं तर बघा... आई म्हणाली, "माझ्या मालिकेने विजेवर ताण येत असेल गं," आणि टीव्ही बंद. ऐन खुनी सापडायच्या भागात! आत्याने तर एवढ्या उकाड्यात स्वतःचा टेबलफॅन माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि स्वतः वर्तमानपत्राने वारा घेत बसली. "त्याला लागू दे वारा. त्याला काम असतं, मी काय, बसलेलीच."

सांगा, यावर माणसाने काय करावं? टॉवेल हातात घेतला की आत्या दिसायची. ठेवला की एकेचाळीस माणसं दिसायची. घेतला, ठेवला, घेतला... कोंबला! नालायक आहे हो मी, दुसरं काय!

शुक्रवारी बाबा दुकान दुपारीच बंद करून आले. तापातसुद्धा दुकान बंद न करणारा माणूस! संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलाखाली, टॉर्च तोंडात धरून. जेवायला बसलो, तर मान खाली घालून म्हणाले, "मला नाही जमलं. गेला तो. नवा घे तू."

मला नाही जमलं! हे वाक्य आमच्या घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं, तुम्हाला सांगते. आईचा वाढायचा हात तसाच राहिला. आणि मला काय मिळालं होतं? परवानगी! नाचायला हवं होतं की नाही?

माझ्या तोंडून निघालं, "बाबा, तो चालतोय."

"अगं, गेला म्हटलं ना!"

"चालतोय. मी जाळीवर टॉवेल कोंबत होते. रोज."

आई बघतेय, बाबा बघतायत. आणि आत्या, जी उभ्या जन्मात माझ्या बाजूने बोलली नाही, ती घाईघाईने म्हणते कशी, "टॉवेल पडला असेल चुकून. पडला ना चुकून? झालं तर. गेला म्हण, नवा आण आणि मिटव."

दार उघडून देत होती हो म्हातारी! आई मान डोलावतेय, बाबासुद्धा माझ्याकडे आशेने बघतायत... आणि माझं डोकंच सणकलं.

"नाही म्हणणार! चुकूनही नाही पडला आणि गेलाही नाही! ठणठणीत आहे तो, बाबा, तुम्ही उत्तम जुळवलाय. आणि तरी मी तो बदलणार. चालतोय, म्हणूनच सांगते, चालत असतानाच बदलणार!"

झोपेतसुद्धा कुरकुरणारी आत्या भराभर भात कालवायला लागली.

त्याला आज पाचवा दिवस. नवा प्रोसेसर आलाय, मदरबोर्ड आणि रॅमसकट, खोक्यात बसलाय. तो बसवायचा तर बारीक स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि घरात तो एकच आहे, बाबांच्या शर्टाच्या खिशात...

आता तुम्हीच सांगा, कुठल्या तोंडाने मागू?