काल ते हेदवीला होते

आम्रपाली : बाबांना जाऊन दोन महिने झाले, आये. त्यांचा फोन अजून चार्जिंगला कशाला लावतेस?

कमलाबाई : ठेव गो तिथं. वायर काढू नको.

आम्रपाली : बरं, राहू दे. सोनूकाकींचा फोन आला म्हणून मी रत्नागिरीहून पहिली एसटी धरून आलेय. त्यांच्या खात्यातली पेन्शन कुणीतरी एटीएममधून काढली. सगळी. काल पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं त्यांना. त्यांचं कार्ड आपल्याकडे आहे का?

कमलाबाई : आपल्याकडं नाय. ह्यांच्याकडं होता.

आम्रपाली : बाबांकडे कसं काय?

कमलाबाई : दर महिन्याला चिपळुणात जायचे ना, वाडीतली कार्डं घेऊन. म्हातारी माणसं कुठं जाणार मशीनवर? कार्डाला चिठ्ठी गुंडाळलेली, चिठ्ठीवर नंबर. त्या दिवशी दोनच होती. एक सोनूबायचा, एक आपला.

आम्रपाली : पिन लिहायचा आणि त्याच कार्डाला गुंडाळायचा! घराला कुलूप लावून किल्ली कडीला बांधा अजून.

कमलाबाई : वाडीचा भरवसा होता गो तुझ्या बाबावर. कधी कुणाचा रुपया इकडचा तिकडं झाला नाय.

आम्रपाली : बाबांवर कोण बोलतंय? बाबा स्टँडवर कोसळले. पाकीट आलं, घड्याळ आलं, फोन आला. कार्डं कुठं आहेत?

कमलाबाई : औषधाच्या दुकानाची हिरवी पिशवी होती. ती नाय आली. माझा चष्मा पण त्यातच. काडी मोडलेली, म्हटलं येताना दुरुस्त करून आणा. गेला तो पण.

आम्रपाली : आणि सोनूकाकींनी दोन महिने कार्ड मागितलं नाही?

कमलाबाई : दुःखाच्या घरात कार्ड कसा मागायचा? रोज भाकरी घेऊन यायची. माझ्याजवळ बसायची, उठून जायची. कार्डाचा शब्द तोंडातून काढलान नाय.

आम्रपाली : मग तू सांगायचंस, पिशवी हरवली म्हणून. थांब, वाजला हा. मेसेज आलाय.

कमलाबाई : दे इकडं.

आम्रपाली : गुहागर, पेट्रोल पंप, तीनशे रुपये. आये, हा आत्ताचा आहे. बाबांच्या कार्डावरून!

कमलाबाई : गुहागरला पोचले म्हणजे.

आम्रपाली : कोण पोचले?

कमलाबाई : काल हेदवीला होते. परवा खेडला, बेकरीत. गेल्या मंगळवारी औषधाच्या दुकानात. म्हटलं, खोकला उठला काय परत.

आम्रपाली : आये, माझ्याकडे बघ.

कमलाबाई : बघत्ये. मी खुळी नाय झाले. तुझ्या बाबाला मी माझ्या हातानं आंघोळ घातल्ये. मला ठाऊक हाय ते कुठं हायत.

आम्रपाली : मग हे काय बोलतेस?

कमलाबाई : मेसेज येतो तेव्हा नाय ठाऊक राहत. फोन वाजतो आणि ह्या दारात उभे असल्यासारखे वाटतात. मी फोन उन्हात लांब धरत्ये. इंग्रजी अक्षरा जोडून गावाचा नाव तेवढा काढत्ये. नाव लागला की जिवाला बरा वाटतो. ज्या दिवशी नाय येत, त्या दिवशी घास उतरत नाय.

आम्रपाली : हेदवीला म्हणे! बाबा जन्मात कधी गेले का तिथल्या गणपतीला?

कमलाबाई : देवळात नाय गेले. बाहेर चहा घेतला. चाळीस रुपयांचा.

आम्रपाली : बाबा चाळीस रुपयांचा चहा पितील? दहाचा महाग झाला म्हणून वाद घालणारा माणूस!

कमलाबाई : तेव्हाच मला पण कळला होता.

आम्रपाली : पहिला मेसेज कधी आला?

कमलाबाई : जलदानाच्या दिवशी. सगळी खाली मान घालून बसलेली, बौद्धाचार्य बोलत होते, आणि ह्यांचा फोन वाजला. त्यांच्या फोटोपुढंच ठेवलेला. मी पदराखाली घेतला. कुणाला दाखवला नाय.

आम्रपाली : मला तरी दाखवायचास.

कमलाबाई : तू बंद करून टाकला असतास.

आम्रपाली : हो, टाकलं असतं. आपल्या कार्डाला चिठ्ठी नव्हती, बाबांना नंबर पाठ होता. म्हणून तो माणूस दुकानात कार्ड नुसतं मशीनला टेकवतोय. थोड्या पैशाला पिन लागत नाही. पण सोनूकाकींच्या कार्डाला चिठ्ठी होती, आये. आणि त्यांच्या खात्याला त्यांच्या मुलाचा, संदेशचा मुंबईतला जुना नंबर. त्यांच्याकडे मेसेज जायचा प्रश्नच नाही.

कमलाबाई : तिचे पैसे कधी काढले?

आम्रपाली : पासबुकावर तारखा आहेत. जलदान झालं, त्यानंतर नवव्या दिवसापासून.

कमलाबाई : म्हणजे पहिला मेसेज आला तेव्हा मी बोलले असते तर...

आम्रपाली : तर त्यांचे राहिले असते.

कमलाबाई : रोज भाकरी आणायची गो ती. माझ्यासमोर बसायची, आणि मी फोन उशीखाली घालून बसायची.

आम्रपाली : रडू नकोस. मला नाही वाटत का? मीही कधी कधी बाबांच्या नंबरला फोन लावते आणि पहिल्या रिंगलाच कट करते.

कमलाबाई : ती तूच काय? मला वाटला... जाऊ दे. लाव बँकेला.

आम्रपाली : पासबुक दे. नंबर त्याच्यावरचाच घ्यायचा. नेटवर शोधला की तिथंही चोर बसलेले असतात.

(स्पीकरवर घंटी वाजते. बराच वेळ सूचना, मग एका मुलीचा आवाज.)

तेजस्वी : नमस्कार, मी तेजस्वी बोलतेय. मी आपल्याला पिन किंवा ओटीपी विचारणार नाही, आपणही सांगू नका. कार्डधारक दत्ताराम लाइनवर आहेत का?

आम्रपाली : आये, तू बोल. खातं दोघांच्या नावाचं आहे.

तेजस्वी : हॅलो? कार्डधारक आहेत का?

कमलाबाई : नाय. ते वारले.

तेजस्वी : ऐकून वाईट वाटलं, मॅडम. आपण?

कमलाबाई : कमल. त्यांची बायको.

तेजस्वी : आपली जन्मतारीख सांगाल? खात्री करून घेते.

कमलाबाई : एक जून एकोणीसशे अठ्ठावन्न. शाळेत लिवलेली.

तेजस्वी : धन्यवाद. कार्ड आत्ता बंद केलं. मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत यावं लागेल. आता मी एकेक व्यवहार वाचते. तो कार्डधारकांनी केला होता का, एवढं सांगा. नाही म्हटलंत की मी तक्रारीत घालते. आज, गुहागर, पेट्रोल.

कमलाबाई : नाय.

तेजस्वी : काल, हेदवी, उपाहारगृह.

कमलाबाई : ते नव्हते.

तेजस्वी : खेड, बेकरी.

कमलाबाई : नव्हते.

तेजस्वी : चिपळूण, औषधालय.

आम्रपाली : आये, पाणी देऊ?

कमलाबाई : नको. नव्हते गो ते. पुढचा वाच.

तेजस्वी : अजून अकरा आहेत, मॅडम. सगळे एकदम नोंदवू का?

कमलाबाई : एकेक वाच. मला एकेक ऐकायचाय.

तेजस्वी : ठीक आहे. देवरुख, किराणा.

कमलाबाई : नव्हते.

आम्रपाली : तुम्ही वाचत राहा. ती सांगतेय.

तेजस्वी : ...आणि हा शेवटचा. दोन महिन्यांपूर्वीचा, नऊ तारीख. चिपळूण, चष्म्याचं दुकान, चारशे ऐंशी रुपये. सकाळी अकरा चाळीस. हाही नाही, असंच लिहू ना?

कमलाबाई : काय म्हणालीस?

तेजस्वी : चष्म्याचं दुकान, मॅडम.

आम्रपाली : आये... नऊ तारीख. बाबा साडेबाराला पडले.

कमलाबाई : हा नको लिवू गो, पोरी. हा खोडू नको. हा त्यांचा.

तेजस्वी : म्हणजे हा कार्डधारकांनीच केलेला?

कमलाबाई : हो. त्यांनीच केलानी. माझ्यासाठी केलानी.

तेजस्वी : नोंद केली, मॅडम. कार्ड बंद झाल्याचा मेसेज आपल्याला येईल. काळजी घ्या.

आम्रपाली : पैसे भरून चष्मा दुरुस्तीला टाकला असेल बाबांनी. दुकानातच असेल अजून. दोन महिने पडून. दुपारच्या गाडीनं जाऊ या चिपळूणला?

कमलाबाई : आधी सोनूबायकडं. तिला माझ्या तोंडानं सांगायचाय, सगळा. मग तिला घेऊन पोलिसात. मग चष्मा.

आम्रपाली : वाजला बघ. मेसेज आला, बंद झाल्याचा. वाचू?

कमलाबाई : नको. ठेव तसाच. चष्मा आणला की माझा मीच वाचत्ये.