अभय दिलेल्या एकवीस शेळ्या

त्या एकवीस शेळ्या मी सोडवल्या, अनेकांत. तू नाही, तुझ्या यात्रा-कंपनीच्या ड्रायव्हरनं नाही, आमच्या महिला मंडळानंही नाही – मंडळ माझ्या मागे उभं राहून टाळ्या वाजवत होतं. खाटकाकडे निघालेला ट्रक मी हात करून थांबवला, सौदा मी ठरवला, प्रत्येक शेळीच्या गळ्यात पिवळी फीत मी स्वतः बांधली, आणि त्यांना स्पीतीतल्या त्या गावामागच्या उतारावर मोकळं सोडायचं, हेही मीच सांगितलं. तेव्हा 'सगळ्यांनी मिळून केलं, बाई' ही मखलाशी माझ्यापुढे नको. बस. त्या खुर्चीवर नाही, ती डुगडुगते – इकडे बस, आणि ती पत्रिका दे.

'अभयदान यात्रा, वर्ष दुसरे. स्पीती खोऱ्यात शेळ्यांना जीवदान आणि हिमबिबट्याचे हमखास दर्शन. मार्गदर्शक – मगदूम बाई.' वर माझा फोटो, शेळीसकट. मला विचारलंस? – नाही. चाळीस वर्षं शिकवलं मी, त्यातली सदतीस या कोल्हापुरात, आणि माझं नाव मला न विचारता छापणारा विद्यार्थी तू पहिलाच. ते असू दे. मला एकच शब्द समजावून सांग – हमखास. गेल्या वर्षी आठ दिवस आपण दुर्बिणी लावून बसलो, जयसिंगपूरच्या धोंडुबाईंना तेवढी सर्दी झाली, बिबट्याचं शेपूटसुद्धा कोणाला दिसलं नाही. यंदा तो हमखास दिसणार – का बरं? त्यानं तुझ्याकडे नाव नोंदवलं आहे? – थांब, मीच सांगते. उतारावर शेळी सोडली की तो खाली येतो, हे तुला आता ठाऊक झालं आहे. पूर्वी वाघाला भुलवायला मचाणाखाली बोकड बांधत. बांधणारा निदान स्वतःला शिकारी म्हणवून घ्यायचा. तू त्याला अभयदान म्हणतोस, आणि मचाणावर आमच्या मंडळातल्या बायका बसवतोस.

'तसलं कायबी न्हाय, बाई' – नीट बोल. आणि मान वर करून बोल.

त्या गावचे वयोवृद्ध गृहस्थ त्या दिवशी हात जोडून काय म्हणाले होते, आठवतं? म्हणाले, हा उतार आम्ही राखला आहे, आमचीसुद्धा जनावरं इथं चरत नाहीत. इथलं गवत भरलांचं – त्या डोंगरातल्या रानमेंढ्यांचं. त्यांना इथं पोटभर मिळालं की बिबट्या त्यांच्या मागे वरच राहतो, आमच्या गोठ्यांकडे फिरकत नाही. किती सरळ गोष्ट – चौथीतल्या मुलाला कळावी. आणि मी काय उत्तर दिलं? 'जीव वाचवणाऱ्यानं जागा विचारायची नसते.' टाळ्या पडल्या. सर्वांत मोठी टाळी तुझी होती. नोकरीची पहिली तीन वर्षं मी चंदगडला काढली आहेत, अनेकांत. तिथं देवाच्या राईत कोणाची शेळी शिरली, तर गाव त्या माणसाला देवळापुढे उभं करी – मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा 'बाई, तुम्हाला कुठं माहीत होतं' असं म्हणून मला सोडवू नकोस. मी शेळी नाही. मला माहीत होतं. फक्त ते कोण कुठल्या म्हाताऱ्यानं, चारचौघींसमोर, मला शिकवावं, हे मला रुचलं नाही.

आता तुला काय माहीत होतं, ते ऐक. अभय दिलेलं जनावर तिकडेही कोणी मारत नाही, विकत नाही – तेव्हा आपल्या पिवळ्या फिती पाहून त्या गावाचे हात बांधले गेले. शेळ्या हाकलल्या तरी परत वर जायच्या. त्यांनी तो उतार खरवडून खाल्ला, भरल पलीकडच्या कड्यांवर निघून गेले, आणि बिबट्याला या आयत्या मिळाल्या. सतरा त्यानं वरच संपवल्या. उरल्या चार – माणसांत वाढलेल्या त्या, बर्फात जाणार कुठं – गावात उतरल्या. यांगचेन नावाच्या बाईनं त्यांना आपल्या गोठ्यात घेतलं. त्यांच्या मागावर तो छपराच्या झरोक्यातून आत पडला, आणि मग त्याला बाहेर निघता येईना. सकाळी गोठ्यात तिची स्वतःची एकोणीस मेंढरं मरून पडलेली, आपल्या चार पडलेल्या, आणि कोपऱ्यात तो. माणसं दगड-काठ्या घेऊन धावली. दारात आडवं कोण बसलं? – यांगचेन. जिचं सगळं गेलं, ती. म्हणाली, हा आपणहून आलेला नाही, याला बोलावलं आहे. बोलावणारे आपापल्या घरी गेले. वनखात्याची माणसं येईपर्यंत ती उठली नाही. बिबट्या जिवंत डोंगरावर गेला. हे सगळं तुझ्या ड्रायव्हरनं तुला फेब्रुवारीत फोनवर सांगितलं, आणि तू अवाक्षर न काढता यंदाची पत्रिका छापलीस.

मला कुठून कळलं? – पत्र आलं. तिचं. ड्रायव्हरच्या त्या फोनचंही त्यात आहे. – कधी म्हणजे? आलं, पोस्टानं. – मार्चमध्ये.

हो. महावीर जयंतीच्या आधी. हो, जयंतीला माझा सत्कार झाला तो पत्र आल्यानंतरच. 'एकवीस जीवांची माता' असं ती निवेदिका माईकवर म्हणाली, आणि मी मान लववून शाल घेतली. पत्र तेव्हा या टेबलाच्या खणात होतं. – हेच काढून घ्यायचं होतं ना तुला? मग पुरतं घेऊन जा. गावातल्या मास्तरांकडून तिनं ते हिंदीत लिहवून घेतलं आहे. मी वाचायला बसले तेव्हा हातात लाल पेन होतं – हाताला सवय. दोन पानं तपासून झाली, आणि मग मला कळलं की आपण काय तपासतो आहोत. तिनं मागितलं काय? भरपाई नाही. पुन्हा शेळ्या सोडू नका, एवढंच. खाली टाचणीनं एक पिवळी फीत लावली होती. गाठ मी ओळखली – तशी दुहेरी गाठ माझ्याखेरीज कोणी मारत नाही. पाच महिने मी तो खण उघडला नाही. परवा तुझी ही पत्रिका दारात पडली, तेव्हा उघडला.

काल मंडळाची सभा झाली. पत्र मी उभी राहून वाचलं – तारखेसकट, माझ्या लाल खुणांसकट. शाल टेबलावर ठेवली, ती कोणी उचलली नाही. ठरलं ते असं. कोणत्याही राखलेल्या रानात मंडळ यापुढे जनावर सोडणार नाही. त्या गावच्या गोठ्यांच्या झरोक्यांना लोखंडी जाळ्या मंडळ पाठवील. कोणत्या गोठ्याला आधी, ते गाव ठरवील. तुझ्या यात्रेला आमच्यापैकी एकही बाई येणार नाही. आणि या पत्रिकेची एक प्रत आज सकाळीच तिकडच्या वनखात्याकडे रवाना झाली आहे. – आवाज चढवू नकोस, मी बहिरी झालेली नाही. राजनंदिनी तेवढी म्हणाली, 'बाई, पोरगा आपल्यातला आहे, एकवार समज देऊन सोडा.' त्यावर मला बोलायची वेळच आली नाही. ठराव मी मांडला, चौदाच्या चौदा जणींनी मान्य केला, शेवटी राजनंदिनीनंही. अनुमोदन राजमतीनं दिलं. – कोणती राजमती काय विचारतोस? मंडळात एकच आहे.

पत्रिका राहू दे इथं. दार ओढून घे, आणि घरी गेल्यावर आईवर खेकसू नकोस – हात तिनं सगळ्यांच्या आधी वर केला.