कॅमेऱ्यामागची हाक

(मुकुंदवाडीतलं घर. बुद्धपौर्णिमेची संध्याकाळ. मनकर्णाबाई आणि पुंडलिक यांनी फोन गव्हाच्या डब्याला टेकवून ठेवलाय. फोनवर त्यांची मुलगी मेघा. तिच्याकडे, अमेरिकेत ह्यूस्टनला, आत्ता सकाळ आहे.)

मेघा: ...आणि आवाज? टीव्हीवर आवाज नीट येत होता ना?

मनकर्णाबाई: आला ना. सारी गल्ली जमली व्हती बाई. लीलाबाई तं पाट घिऊनच आली, बसली टीव्हीच्या नाकाम्होरं. तिची शेळी दिसली पिच्चरमधी, तं अशी फुगली, जसं काय शेळीच अमेरिकेला जाऊन आली.

मेघा: आलीच की! काल इथं सगळ्या थेटरनं बघितली तिला.

पुंडलिक: फुल होतं का थेटर?

मेघा: फुल, बाबा. आशियातल्या सिनेमांचा महोत्सव म्हटलं की इथं लोक आधीपासून तिकिटं काढून ठेवतात. आपल्या आधी कोरियाचा सिनेमा होता, नंतर जपानचा. मधे आपली ‘पाण्याची पाळी’. वीस मिनिटांची तर आहे, पण कुणी उठलं नाही.

पुंडलिक: कोरिया, जपान अन् मधी मुकुंदवाडी! उद्या गल्लीतल्या कारभाऱ्याला गाठतो. लई अक्कल शिकवत व्हता मला, म्हने हंड्या-कळशीचा काय पिच्चर असतो का.

मनकर्णाबाई: अन् फोटोत ती निळ्या केसांची पोरगी कोन गं? तुझ्या गळ्यात हात टाकून हुभी हाय ती. आजारी-बिजारी हाय का?

मेघा: नाही गं आई! जपानी कार्टूनमधल्या एका पोरीसारखी नटली होती ती. थेटरच्या बाहेर जत्राच असते इथं. एकीकडं कोरियन गाण्यांवर पोरं नाचतायत, एकीकडं ढोल लावून चिनी सिंह नाचवतायत, मधे शेवयांच्या सुपाच्या गाड्या. त्यात निळे केस काय आणि हिरवे काय.

मनकर्णाबाई: बहुरूपी म्हन की सरळ.

मेघा: हो. बहुरूपीच.

मनकर्णाबाई: अन् आज पुन्हा लावणार म्हनलीस.

मेघा: दुपारी. इथं व्हिएतनामी लोकांचं मोठं विहार आहे, त्याच्या हॉलमध्ये. पौर्णिमा ना आज, सगळे येतात. श्रीलंकेचे, थायलंडचे, आपले नागपूरचे, नांदेडचे. आधी वंदना, मग जेवण, मग सिनेमा.

मनकर्णाबाई: वंदना आपलीच का?

मेघा: श्रीलंकेवाल्यांची आपलीच. व्हिएतनामवाले त्यांच्या भाषेत म्हणतात. चाल निराळी असते, पण डोळे मिटून बसलं की चालून जातं.

मनकर्णाबाई: बरंय. मी बी सकाळी जाऊन आले विहारात. ते पांढरं पातळ अजून अंगावर हाय, बदललं नाय. म्हनलं, पिच्चर होऊ द्यावा, मंग बदलावं. मेघा, एक इचारू?

पुंडलिक: झालं हिचं सुरू. पोरीला सकाळची कामं असत्यात, अगं.

मनकर्णाबाई: इचारू तं द्या. मेघा, पिच्चरमधी आपला सम्यक कुठं गेला?

मेघा: आई... सगळं त्यानंच तर काढलंय, मी नुसतं जोडलंय. शेवटी नाव आलं ना त्याचं, मोठ्या अक्षरात.

मनकर्णाबाई: वाचलं लीलाबाईच्या सुनेनं. नाव तं विहाराला आपण त्याच्या आठवणीत दिलेल्या फरशीवर बी हाय त्याचं, रोज पाय चुकवून जाते मी. मी आवाजाचं म्हन्ते. त्या दुष्काळात टँकरच्या रांगेत तो शूटिंग काढायचा तवा मधीमधी बोलत असायचा. मी कळशी घिऊन हुभी, अन् तो म्हनला, माय, जरा सरक. पिच्चरमधी मी सरकते. हसते बी. पण सरक म्हननारा कुठंच नाय.

मेघा: त्याचं काय असतं, आई, कॅमेरा धरणाऱ्याचा आवाज ठेवत नाहीत. साफ करतात सगळं. वारा असतो, मोटर असते, कुणी खोकतं...

मनकर्णाबाई: टँकरची मोटर तं ऐकू आली. लीलाबाईचं अन् माझं भांडण आलं. शेळी वरडली, ते आलं. तेवढा माझा पोरगाच साफ केला व्हय?

मेघा: असं नको ना बोलू.

मनकर्णाबाई: मंग कसं बोलू? सकाळपासून कामं आवरून बसले मी. डोकं धुतलं. कुणाला सांगितलं नाय, पण मनात म्हनलं, आज हाक ऐकू येनार. तू शाळेत जायला लागलीस अन् आई म्हनायला शिकलीस, बरोबर हाय तुझं. माय म्हननारं तेवढं एकच व्हतं मला. दसऱ्याला नागपूरला नेतो म्हनला, दीक्षाभूमी दाखवतो म्हनला, अन् त्याच्या आधीच जालना रोडला त्या ट्रकखाली... तवापासून कुणी माय म्हनलं नाय मला.

मेघा: पण सिनेमाभर आपल्याला जे दिसतं ना आई, ते त्याच्या डोळ्यांनी दिसतं. तोच असतो ना तिथं.

मनकर्णाबाई: डोळ्यांचं मी काय करू, बाई? त्याला जे दिसत व्हतं ते मला बी दिसत व्हतं, त्याच रांगेत हुभी व्हते मी. मला हाक पायजेल.

मेघा: काल पण... नको, जाऊ दे.

मनकर्णाबाई: काय काल?

मेघा: काल सिनेमा सुटल्यावर एक म्हातारी भेटली. व्हिएतनामची. माझा हातच धरला तिनं. म्हणाली, ती कळशीवाली बाई एकाएकी बाजूला का होते? कुणाकडं बघून हसते? म्हटलं, माझी आई आहे ती, माझ्या भावाकडं बघून हसते. तर म्हणाली, मग तो तिच्याशी बोलत का नाही?

मनकर्णाबाई: बघा. ना आपली भाषा, ना आपला मुलूख, पण म्हातारीला कळलं.

पुंडलिक: बस करा गं दोघी. झालं ते झालं. चांगला हाय पिच्चर.

मेघा: बाबा, मी आईशी असं खोटं नाही बोलू शकत.

पुंडलिक: मेघा.

मेघा: मी काही सांगत नाहीये. फक्त म्हणतेय.

मनकर्णाबाई: काय चाललंय तुमचं बापलेकीचं?

पुंडलिक: काय नाय. फोन तापलाय, ठेवा आता.

मनकर्णाबाई: तापू द्या.

पुंडलिक: ...म्या काढाय लावला त्याचा आवाज. पोरीची गलती नाय. म्या सांगितलं.

मनकर्णाबाई: तुमी?

पुंडलिक: होळीच्या टायमाला तिनं कच्चा पिच्चर धाडला व्हता बघायला. तू सिडकोत बहिणीकडं गेली व्हतीस. मी एकलाच बसलो. तू दिसलीस कळशी धरून. त्याचा आवाज आला. इतकं बरं वाटलं, की मी बोललो बी बघ, आलास का म्हनून. अन् मंग त्याच्या आवाजावर दुसरा आवाज चढला. माझा.

मनकर्णाबाई: “ठेव ते खेळणं.”

पुंडलिक: ध्यानात हाय तुझ्या.

मनकर्णाबाई: मी तिथंच व्हते ना.

पुंडलिक: चिकलठाण्याची आमची कंपनी नुकती बंद पडली व्हती. घरात बसून दिमाग सडून गेल्ता. टँकर आला की माणसं अशी तुटून पडायची, जरा नजर हलली की आपली पाळी गेली. अन् हा हंडे टाकून, पैठण गेटच्या बाजारातून आणलेला तो जुना कॅमेरा घिऊन बायांचे पाय काढतोय, शेळ्या काढतोय. वरडलो मी. साऱ्या रांगेदेखत. कॅमेऱ्यावरून त्याच्याशी मंग धड बोललोच नाय कधी. अन् आता तेच साऱ्या दुनियेला ऐकवायचं? पोराचं काम लोक बघनार, अन् मधी त्याचा बाप त्याला खेळणं म्हननार. कोरिया ऐकनार, जपान ऐकनार. म्हून सांगितलं, तेवढं काढ.

मेघा: मी बाबांना म्हटलं होतं, आई. सिनेमात घेतलेल्या भागात त्याचा आवाज तेवढाच होता, आणि दोघांचे आवाज एकमेकांवर चढलेत, बाबांचा काढला तर त्याचाही जाईल.

मनकर्णाबाई: मंग?

पुंडलिक: मी म्हनलो, जाऊ दे.

मनकर्णाबाई: जाऊ दे म्हनलात.

पुंडलिक: म्हनलो.

मनकर्णाबाई: अन् मला इचारलं बी नाय. माझा बी पोरगा व्हता तो.

पुंडलिक: तुला कोणत्या तोंडानं इचारू?

मनकर्णाबाई: ह्याच तोंडानं. अहो, बाप वरडला. वरडत नसतो का बाप? त्या साली कोन वरडत नव्हतं, सांगा. मी अन् लीलाबाई एका कळशीपायी झिंज्या उपटाय उठलो व्हतो. आज दिसलं ते गल्लीला. पोट धरून हसले सारे.

पुंडलिक: तुमचं निराळं. लीलाबाई तुझ्या शेजारी बसून हसली. माझं ज्याच्याशी भांडण व्हतं तो कुठं बसलाय शेजारी?



मेघा: बाबा, तुम्ही होळीला ते पूर्ण ऐकलं होतं का? तुमच्या ओरडण्यानंतरचं?

पुंडलिक: नाय. माझा आवाज आला अन् बंद केलं. घाईत बटन बी सापडंना.

मेघा: मला वाटलंच. बाबा, मी ते पुसलेलं नाही. मूळ रेकॉर्डिंग आहे इथं माझ्याकडं. दुपारच्या आत परत जोडता येईल. पण तुम्ही हो म्हणालात तरच.

पुंडलिक: नको.

मनकर्णाबाई: पिच्चरचं मागून बघू. मेघा, तू मला ऐकव. फोनवरच. तेवढंच, एकदा.

मेघा: बाबा?

पुंडलिक: ऐकव तिला. तिचा हक हाय. मी जरा नळ बघून येतो, पाणी सोडलं असंल.

मनकर्णाबाई: पाळी परवा हाय. आठ-आठ दिवस येत नाय, अन् आज तुमच्यासाठी सोडत्यात व्हय? टँकर थांबायचा तिथं सात मजली बिल्डिंग झाली, पण पाण्याची गत तीच. बसा.

पुंडलिक: मला नाय ऐकवत, अगं.

मनकर्णाबाई: मला तरी एकलीला कुठं ऐकवनार हाय? बसा इथं, माझ्याजवळ.

मेघा: ऐका, बाबा. तुमच्यानंतर तो बोलतो. टँकरच्या गलक्यात तुम्हाला तेव्हा ऐकूच गेलं नसणार. कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ होता, म्हणून आलंय.

पुंडलिक: काय म्हनतो?

मेघा: मी नाही सांगणार. त्याच्याच तोंडून ऐका. लावू?

मनकर्णाबाई: लाव. आवाज मोठा कर.

सम्यक (रेकॉर्डिंगमध्ये): माय, जरा सरक ना. उजेड अडतोय. अजून थोडं... हां. आता हस की जरा. पाण्याच्या रांगेत हुभी हायेस, फाशीच्या नाय!

पुंडलिक (रेकॉर्डिंगमध्ये, त्याच्या बोलण्यावर चढून): ए सम्यक! ठेव ते खेळणं! हंडे कोन भरनार, तुझा बाप?

सम्यक (रेकॉर्डिंगमध्ये): आलो बाबा, आलो. मायचं येवढं होऊ द्या, लई भारी दिसतीय ती.

मनकर्णाबाई: सरकले रे, सोन्या. सरकले बघ.

मेघा: आई, रडू नको ना. बाबा? बाबा, ऐकू आलं का?

मनकर्णाबाई: आलं त्यांना. थांब जरा. हा पदर घ्या माझा, तोंड पुसा आधी.

पुंडलिक: रागात नव्हता गं तो.

मनकर्णाबाई: नव्हताच. तुमच्या वरडण्याचा कधी राग आला व्हता त्याला? मागं वळून माझ्याकडं बघून डोळा मारायचा.

पुंडलिक: मी येवढी सालं समजत व्हतो...

मेघा: बाबा, दुपारी काय करू? ठेवू का?

पुंडलिक: ठेव.

मेघा: तुमचाही आवाज येईल त्यात.

पुंडलिक: येऊ दे. कळू दे साऱ्यांला, बाप होता म्हून वरडला. त्या म्हातारीला सांग, बोलतो म्हना तो. बोलत व्हता. मेघा...

मेघा: हं?

पुंडलिक: पुन्हा लाव एकदा. शेवटचं.

सम्यक (रेकॉर्डिंगमध्ये): आलो बाबा, आलो. मायचं येवढं होऊ द्या...

पुंडलिक: होऊ दे, लेका. सावकाश होऊ दे. हंडे बाप भरतो.