बीव्हरने बुजवलेला पाइप

यार, अमेरिकेत माझं पहिलं भांडण झालं ते एका बीव्हरशी, म्हणजे झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणाऱ्या प्राण्याशी! २००४ साल, मिशिगनमध्ये एमएस करत होतो. सुट्टीत बदकांच्या एका तळ्यावर मदतीला जायचो. मातीचा छोटा बांध, आणि जास्तीचं पाणी जायला त्यात एक पाइप. एका पावसाळी आठवड्यात बीव्हरने काटक्या-चिखलाने पाइपच बुजवला.

तळं सांभाळणाऱ्या मार्थाबाई घाबरल्या. "पाणी बांधावरून गेलं, तर माती धुऊन जाईल. सगळं तळं खालच्या घरांत!"

आम्ही चिखल उपसला. जेवून येतोय तर पाइप पुन्हा बंद! चार दिवस हेच. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याखाली वीतभरावर आलं. वैतागून नागपूरला आईला फोन लावला.

"पण तो बुजवतो कशाला?"

"पाणी वाहिल्याचा आवाज आला की धावत येतो."

"मग आवाज होऊ देऊ नका की!"

आईचं म्हणणं सांगितलं, तशी मार्थाबाईंनी पाइप वाढवून तोंड खोल पाण्यात नेलं, तोंडावर जाळी बसवली. पाणी गुपचूप उतरलं. बीव्हर फिरकलाच नाही.

मार्थाबाई खूश. "तुझी आई कुठल्या धरणावर इंजिनिअर होती?"

म्हटलं, "नाही हो, ती बालवाडी चालवते!"