प्रत्येकीची वीत

खरं सांगते, ऐंशीच्या दशकात पुण्याहून शिकून पांढुर्ण्याला परतले तेव्हा मला वाटलं होतं, इथल्या बायकांना क्रोशाची सुई धरण्यापासून शिकवावं लागेल. प्रत्यक्षात त्या सुईकडे न बघता, गप्पा मारता मारता विणायच्या.

सौंसरच्या दवाखान्यातल्या बाळंतिणींसाठी थंडीआधी एक मोठं पांघरूण करायचं होतं. प्रत्येकीनं लोकरीचा एक चौकोन विणायचा, मग सगळे जोडायचे. माप सोपं असावं म्हणून मी म्हटलं होतं, "एक वीत लांब, एक वीत रुंद."

आठवड्यानं चौकोन सतरंजीवर मांडले, तर एकाशेजारी दुसरा बसेना. मी वैतागून म्हटलं, "हे सगळे उसवून, पट्टीनं मोजून पुन्हा विणावे लागतील."

सगळ्यात लहान चौकोन शेवंतामावशींचा होता. त्या संत्र्याच्या तोडणीला जायच्या. त्यांनी तो उचलून त्यावर हात पसरला. बरोबर एक वीत.

"पोरी, तूच तं म्हणाली न एक वीत? माही वीत एवढीच हाये. रोज कामावरून येऊन विनला म्या. उसवाचा असन तं उसव, मंग माहा हात बी ओढून लंबा करजो!"

बाया खदखदून हसल्या. मावशी हसल्या नाहीत. चौकोन पदरात गुंडाळून त्या घरी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्या दारात उभी राहिले.

"मावशी, एकही चौकोन उसवायचा नाही. मधल्या फटी मी विणून भरते. पण तुमचा द्या, तो मधोमध लागणार आहे."